फुटीची गाणी: कोणती टिकली, कोणती फसली आणि का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मेलबर्नला येऊन दोन हिवाळे झाले. मार्च ते सप्टेंबर ऑफिसात सोमवारी सकाळी फुटीशिवाय, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलशिवाय, दुसरा विषय नसतो. टीव्हीवर सामना संपला की जुन्या तबकडीसारखं एक गाणं वाजतं आणि चिखलाने माखलेले खेळाडू खांद्यावर हात टाकून तेच गाणं ओरडत गातात. ग्रँड फायनलला जगभरातले बडे गायक बोलावतात, तरी लोक वाट बघतात ती सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाने १९७९ साली टीव्हीच्या जाहिरातीसाठी केलेल्या गाण्याची. हे असं का? आणि तुमच्या मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेसाठी गाणं करायचं घाटतंय, तर यातून काय उचलता येईल?

मी इथे खेळांच्या थेट प्रक्षेपणासाठी साउंड मिक्सिंग करतो. मैदानाच्या कडेचे माइक, कॉमेंट्री, अंपायरचा माइक, ड्रेसिंग रूममधला कॅमेरा, स्टेडियमचं संगीत, सगळं माझ्या कन्सोलवरून पुढे जातं. त्यामुळे माझं उत्तर कानाच्या बाजूने आहे. खेळाच्या डावपेचांवर मला विचारू नका, त्यासाठी इथला प्रत्येक टॅक्सीवाला तुम्हाला पुरून उरेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या खेळात गाणं टिकतं ते त्याच्या दर्जावर कमी आणि त्याच्या जागेवर जास्त. सामन्यातल्या एकाच ठरलेल्या क्षणी, वर्षानुवर्षं, न चुकता ते वाजलं पाहिजे आणि वाद्यवृंदाच्या मदतीशिवाय गर्दीला ते गाता आलं पाहिजे. या दोन अटींत बसलेली सामान्य गाणी अमर झाली. न बसलेली उत्तम गाणी त्या संध्याकाळीच विरली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, बहुतेक वेळा क्रिकेटचंच. एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. पायाने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांमधून गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. लांबून मारलेला चेंडू कुणी हवेतच नीट झेलला तर त्याला ‘मार्क’ मिळतो, म्हणजे थांबून निवांत किक मारायचा हक्क. दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून, वर चढून झेल घेणं हा या खेळाचा सगळ्यात देखणा प्रकार. वीस-वीस मिनिटांची चार क्वार्टर्स, वर थांबलेल्या वेळेची भर. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे गोल झाला की चेंडू मैदानाच्या मध्यावर परत आणतात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात टीव्ही एक जाहिरात दाखवून घेतो. गोल, जल्लोष, जाहिरात, पुन्हा खेळ, हा ठेका सगळ्या सामन्याला असतो. नेहमीच्या फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटं जाहिरातवाल्यांचा जीव टांगणीला लागतो, इथे तसं नाही.

आता टीव्ही. ऑस्ट्रेलियात टीव्ही आला १९५६ साली, मेलबर्न ऑलिंपिकच्या तोंडावर. पुढच्याच वर्षी फुटी टीव्हीवर थेट दिसू लागली, पण फक्त शेवटचं क्वार्टर. लोक घरीच बसले तर मैदानावर तिकीट कोण काढणार, ही मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या लीगची धास्ती. काही वर्षांत तेवढंही बंद झालं. मेलबर्नकरांना घरबसल्या ग्रँड फायनल थेट बघायला मिळाली ती थेट १९७७ साली, आणि तीही नेमकी ७६-७६ अशी बरोबरीत सुटली. पुढच्या शनिवारी नॉर्थ मेलबर्न आणि कॉलिंगवूड पुन्हा खेळले आणि नॉर्थ जिंकले.

हे सांगायचं कारण असं की जवळजवळ दोन दशकं चॅनल सेव्हन जे विकत होतं तो शिळा माल होता. सामना दुपारी होऊन गेलेला, निकाल रेडिओवरून कळलेला, आणि रात्री लोकांनी तोच सामना टीव्हीवर पाहावा अशी अपेक्षा. निकाल माहीत असलेला सामना विकायचा तर निकाल सोडून दुसरं काहीतरी विकावं लागतं. म्हणजे भावना. आणि तीस सेकंदांत भावना विकायची तर गाण्यासारखा दुसरा उपाय नाही.

त्याच सुमारास क्रिकेटमध्ये केरी पॅकरच्या वर्ल्ड सिरीजसाठी मोजो या जाहिरात कंपनीने ‘कमॉन ऑसी कमॉन’ ही जिंगल केली होती. ती १९७९ च्या सुरुवातीला चक्क पहिल्या क्रमांकाचं गाणं झाली. मग चॅनल सेव्हनच्या फुटीसाठी माइक ब्रेडीने ‘अप देअर कॅझली’ लिहिलं. ब्रेडी तसा साठच्या दशकातला पॉप गायक, एमपीडी लिमिटेड नावाच्या त्रिकुटातला. पुढे जाहिरातींच्या गाण्यांत रमलेला. हे गाणं त्याने पीटर सलिव्हनबरोबर ‘टू-मॅन बँड’ या नावाने गायलं. फेबल रेकॉर्ड्सने तबकडी काढली आणि ती ऑस्ट्रेलियात तोवरची सर्वाधिक खपाची स्थानिक तबकडी ठरली.

कॅझली कोण? रॉय कॅझली, १८९३ चा जन्म. १९२० च्या दशकात साउथ मेलबर्नकडून खेळायचा. उंची बेताची, पण उडी अशी की धिप्पाड खेळाडूंच्या डोक्यावरून चेंडू काढायचा. शेडमध्ये उंच टांगलेल्या चेंडूकडे झेपावत सराव करायचा म्हणतात. चेंडू हवेत असला की त्याचा सहकारी फ्रेड फ्लायटर त्याच्या नावाने हाक मारायचा, ती प्रेक्षकांनी उचलली आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनीही. १९५० च्या दशकातल्या एका गाजलेल्या ऑस्ट्रेलियन नाटकातसुद्धा ती येते. म्हणजे ब्रेडीला मुखडा आयताच मिळाला होता. गर्दीने पन्नास वर्षं घासून गुळगुळीत केलेली हाक होती ती.

गाण्याची बांधणी बघा. सुरुवातीच्या ओळीत आठवडाभर पोटापाण्यासाठी राबणारा माणूस आहे आणि त्याचा शनिवार-रविवार. मग ध्रुवपद थेट हाकेनेच सुरू होतं. ओळी आखूड, प्रत्येकीच्या शेवटी श्वास घ्यायला जागा. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यात चालू संघांपैकी एकाचंही नाव नाही. कॅझली १९६३ मध्येच वारला होता, त्याच्याशी आता कुणाचं वैर नाही. कार्लटनवाला आणि कॉलिंगवूडवाला एकमेकांच्या शेजारी उभे राहून जे गाऊ शकतात असं हे एकच गाणं आहे. गंमत अशी की ज्या क्लबच्या खेळाडूची ही हाक, तो साउथ मेलबर्न १९८२ मध्ये उचलून सिडनीला नेला आणि त्याचा सिडनी स्वॉन्स झाला. मेलबर्नचं राष्ट्रगीत म्हणावं असं गाणं मेलबर्नमध्ये न उरलेल्या क्लबचं आहे.

प्रक्षेपणाचे हक्क एका चॅनलकडून दुसऱ्याकडे गेले तशी गाणीही बदलली. १९९४ मध्ये सेव्हनने ग्रेग चॅम्पियनचं ‘दॅट्स द थिंग अबाउट फुटबॉल’ घेतलं. हा चॅम्पियन मूळचा रेडिओवरच्या ‘कूडाबीन चॅम्पियन्स’ टोळीतला, गाजलेल्या गाण्यांच्या चालींवर खेळाडूंची नावं बसवून गाणारा. त्याचं गाणं मला ब्रेडीपेक्षा जास्त आवडतं. मैदान, बायका-पोरं, पावसाळी दुपार सगळं त्यात हलक्या हाताने येतं. पण ते ऐकायचं गाणं आहे, ओरडायचं नाही. २००२ पासून हक्क नाइन आणि टेनकडे गेले, तेव्हा टेनने हंटर्स अँड कलेक्टर्सचं १९९३ चं ‘होली ग्रेल’ उचललं. गाण्यात फुटीचा उल्लेखही नाही. मार्क सीमोरच्या डोक्यात ते लिहिताना नेपोलियनची मॉस्कोची मोहीम होती. बर्फात गारठून मेलेल्या सैन्यावरचं गाणं विजयगीत व्हावं हा विनोदच, पण वर्षानुवर्षं सप्टेंबरमध्ये करंडकाच्या दृश्यांवर ते वाजवलं आणि ते करंडकाचं झालं. हा बँड तर फुटलेला होता, तरी २०१३ च्या ग्रँड फायनलसाठी पुन्हा एकत्र येऊन त्यांनी ते गायलं. जागेची ताकद म्हणतो ती ही.

आता क्लबांची गाणी, म्हणजे सामना संपल्यावर वाजणारी. मला विचाराल तर खरा खजिना इथे आहे.

यातली बहुसंख्य गाणी उसन्या चालींवर आहेत. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मेळ्यांत नाहीतर निवडणुकीच्या प्रचारात चालत्या गाण्याच्या चालीवर नवे शब्द बसवतात, तसाच हा मामला. कॉलिंगवूडचं गाणं बोअर युद्धाच्या काळातल्या ‘गुडबाय डॉली ग्रे’वर, १९०६ मध्ये क्लब टास्मानियाच्या दौऱ्यावर असताना टॉम नेल्सन या खेळाडूनेच शब्द लिहिले. मेलबर्न आणि हॉथॉर्न दोघांनीही अमेरिकेच्या जॉर्ज कोहानची देशभक्तिपर गाणी उचलली. जिलाँगने बिझेच्या ‘कार्मेन’ ऑपेरातलं बैलाशी झुंजणाऱ्याचं गाणं घेतलं. ब्रिस्बेन लायन्सकडे फ्रेंच राष्ट्रगीताची चाल आहे, ती त्यांना विलीन झालेल्या फिट्झरॉयकडून वारशाने मिळाली. ॲडलेडचं गाणं अमेरिकी मरीन सैनिकांच्या गीतावर. फ्रीमँटलने तर रशियन नावाड्यांच्या ‘व्होल्गा’ गीताचा तुकडा घातला होता, २०११ मध्ये तो काढला. सेंट किल्डाचं ‘व्हेन द सेंट्स’ तुम्हाला शाळेपासून माहीत असेल. शेन वॉर्नचा हा लाडका क्लब, तरुणपणी तो त्यांच्या राखीव संघात खेळलाही होता.

रिचमंडची गोष्ट वेगळी सांगायला हवी. चाल १९१२ च्या न्यूयॉर्कमधल्या एका रंगमंचीय गाण्याची, शब्द जॅक मॅल्कमसनचे, १९६२ चे. शेवटाकडे एका ठिकाणी क्लबच्या रंगांची नावं येतात, पिवळा आणि काळा, आणि तिथे गाणं अर्धवट लटकतं. रिचमंडचा चाहता अख्खं गाणं त्या दोन रंगांसाठी गातो. मैदानाच्या कडेचा माइक त्या क्षणी फाटतोच. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, आधीच खाली ओढून ठेवला नाही तर घरी बसलेल्याच्या स्पीकरमधून नुसती खरखर जाते. मी इतर क्लबांच्या गाण्यांत अशी जागा शोधत असतो. फार थोड्या सापडतात.

कॉलिंगवूडच्या गाण्यात विजेतेपद म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ अशा अर्थाची ओळ आहे. १९५८ नंतर १९९० पर्यंत त्यांना एकही विजेतेपद मिळालं नाही, मधल्या काळात आठ वेळा अंतिम फेरीत हरले. ती ओळ गाताना बाकीच्या मेलबर्नला किती आनंद होत असेल याची कल्पना करा. पण ती ओळ त्यांनी आजही ठेवली आहे. बरं केलं.

तुम्हाला जुन्या तबकडीसारखं वाटतं ते उगाच नाही. जुन्या क्लबांच्या गाण्यांची जी ध्वनिमुद्रणं अजून वाजतात त्यातली बरीचशी १९७२ मध्ये ‘फेबल सिंगर्स’ या नावाखाली झाली. हीच ती रॉन ट्यूडरची फेबल रेकॉर्ड्स, जिने सात वर्षांनी ‘कॅझली’ काढलं. पुरुषी कोरस, ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं, जरा मोकळा आवाज, बासचं नाव नाही. आजच्या कानाला ते पातळ लागतं, पण स्टेडियममध्ये तेच चालतं. बास गर्दीच्या गोंगाटात चिखल होतो, ब्रास आणि पुरुषांचा मधला सूर मात्र वर तरंगतो. नव्याने, भारदस्त मुद्रण करायची हौस कुणाला आली की चाहते ओरडतात. मलाही त्यांचंच पटतं.

शब्द मात्र काळाबरोबर थोडे हलले. २०१७ मध्ये महिलांची लीग सुरू झाली तेव्हा वेस्टर्न बुलडॉग्जच्या गाण्यातले ‘पश्चिमेचे पुत्र’ महिला संघासाठी ‘कन्या’ झाले. सिडनीनेही आपल्या गाण्यातले ‘पुत्र’ काढून तिथे ‘स्वॉन्स’ घातलं. इंग्रजीत ‘सन्स’चं ‘स्वॉन्स’ झालं, चाल जराही मोडली नाही.

नव्या क्लबांत ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सचं गाणं ऐकाच. द कॅट एम्पायर बँडच्या हॅरी अँगसने केलेलं. पूर्व युरोपातल्या लग्नाच्या वरातीत वाजेल असं ब्रास, बिअरच्या गुत्त्यात शोभेल असा ठेका. सुरुवातीला सगळे हसले. २०१९ मध्ये संघ ग्रँड फायनलपर्यंत पोचला तसं ते देशभर पसरलं, लोकांनी त्याच्यावर वाट्टेल ते रिमिक्स केले. फायनल ते ८९ गुणांनी हरले, गाणं राहिलं.

ड्रेसिंग रूमचं दृश्य टीव्हीवर येऊ लागलं आणि या गाण्यांना दुसरा जन्म मिळाला. खेळाडू वर्तुळ करून उभे राहतात, पहिल्यांदाच जिंकणाऱ्या पोराला मधे उभं करतात, ओळ संपली की त्याच्या डोक्यावर बाटल्या रिकाम्या होतात. कुणाचाच सूर लागत नाही, आणि लागूही नये. खोली छोटी, भिंती फरशीच्या, तीस-चाळीस पुरुष एकदम ओरडतायत. कॅमेऱ्यावरचा माइक इतकं सोसत नाही. तिथे आवाज स्वच्छ करायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. स्वच्छ केला की तो खोटा वाटतो.

‘वाद्यवृंदाशिवाय गाता आलं पाहिजे’ असं वर म्हटलं, त्यामागे साधं गणित आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एमसीजीचं, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडचं, मैदानच जवळपास १६० मीटर लांब आणि त्यापुढे स्टँड. समोरच्या स्टँडमधून येणारं गाणं तुमच्यापर्यंत अर्ध्या सेकंदाहून उशिरा पोचतं. मार्चच्या लयीत ही एक अख्खी मात्रा झाली. म्हणजे लाखभर माणसं एका ठेक्यात गाऊच शकत नाहीत, आवाजाचा वेगच आडवा येतो. झटपट शब्दांचं, सिंकोपेशनचं (आघात मात्रेवर न पडता अधेमधे पडणारं) गाणं अशा जागी लापशी होतं. लांब सूर आणि ओळींमध्ये रिकामी जागा असलेलं गाणं मात्र तरतं, कारण मागे पडलेले त्या जागेत येऊन मिळतात.

पोर्ट ॲडलेडने हे ओळखलं. २०१४ मध्ये क्लब ॲडलेड ओव्हलवर राहायला गेला तेव्हा सामन्याआधी एकत्र गाणाऱ्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या चाहत्यांसारखं आपलंही काहीतरी असावं म्हणून त्यांनी इनएक्सेसचं १९८७ च्या ‘किक’ अल्बममधलं ‘नेव्हर टेअर अस अपार्ट’ निवडलं. हे गाणं संथ आहे आणि त्यात मधे पूर्ण थांबे आहेत, संगीत तुटतं आणि परत येतं. सामना सुरू व्हायला मिनिटभर उरलं की गळ्यातले स्कार्फ दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरतात आणि गातात. त्या थांब्यांत नुसती माणसं ऐकू येतात. मी तिथे कॉमेंट्री बंद ठेवायला सांगतो. भाषणांची खोड असलेल्या कॉमेंटेटरलासुद्धा ते पटतं. प्रेमगीत आहे, सिडनीच्या बँडचं आहे, तरी आज ॲडलेडच्या गोदीकाठच्या क्लबचं झालंय. पुन्हा तेच, दर सामन्याला एकाच मिनिटाला.

आता ग्रँड फायनलच्या पाहुण्यांकडे येतो. १९९१ मध्ये एमसीजीचं नवं स्टँड बांधायचं काम चालू होतं म्हणून फायनल वेव्हर्ली पार्कला झाली, आणि अँग्री अँडरसन चक्क बॅटमोबिलवर स्वार होऊन गाताना मैदानात अवतरला. आजही लोक तो व्हिडिओ काढून हसतात. २०११ मध्ये मीट लोफने आपल्या गाण्यांची बारा मिनिटांची माळ गुंफली. आवाज साथ देईना आणि तो कार्यक्रम वाईट कार्यक्रमाचं मापच होऊन बसला. त्याच्यावर दगड टाकायला मी जाणार नाही. उघड्या मैदानावर, दिवसाउजेडी, मधोमध उभ्या केलेल्या मंचावर, अजून सामना सुरूच न झालेल्या अस्वस्थ गर्दीसमोर गाणं हे गायकाला मिळणारं सगळ्यात वाईट काम आहे. त्याला स्टेडियममधून परत येणारा स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येत असतो. गर्दी त्याच्यासाठी आलेली नसते. अंधार नाही, प्रकाशयोजना नाही. फायनल एमसीजीवर भर दुपारी खेळायची रीत आहे; टीव्हीवाल्यांना ती संध्याकाळी हवी होती, पण एमसीजीपुरती तरी लीगने २०२५ पर्यंत दाद दिली नव्हती.

म्हणून माझ्या मते यशस्वी पाहुणे दोन प्रकारचे. एक, २०२२ चा रॉबी विल्यम्स. तो मुळात गर्दी हाताळणारा माणूस, गाणं त्याला निमित्त. दोन, २०१७ चे द किलर्स, तेही सामन्याआधीपेक्षा सामन्यानंतर. रिचमंडने ३७ वर्षांनी विजेतेपद मिळवलं होतं, मैदान चाहत्यांसाठी खुलं होतं, आणि रिचमंडचा जॅक रीवोल्ट गळ्यात पदक घालून मंचावर चढला आणि बँडबरोबर ‘मिस्टर ब्राइटसाइड’ गायला. गायला म्हणजे ओरडला. पण ते गाणं सगळ्यांना पाठ होतं, सामना जिंकून झाला होता आणि अंधार पडत होता. यापेक्षा चांगली जागा कोणत्याही गाण्याला मिळणार नाही. नंतरच्या वर्षांत किस, केटी पेरी, स्नूप डॉग येऊन गेले. करमणूक झाली, पुढे काही उरलं असं मला वाटत नाही.

टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमांवर फार लिहीत नाही. सेव्हनवर १९५९ ते १९८७ दर रविवारी ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ चाले, त्यात लाकूडतोडीची स्पर्धाही असे. नाइनवरचा ‘द फुटी शो’ १९९४ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या ग्रँड फायनल भागात खेळाडू साड्यांच्या जागी झगे घालून, मेकअप करून पॉप गाण्यांवर नाचत. आपल्या गॅदरिंगमधल्या मुलांच्या नाचासारखंच. लोकांना प्रचंड आवडे. पण त्याच मंचावर १९९९ मध्ये सॅम न्यूमनने तोंडाला काळं फासून निकी विनमार या आदिवासी खेळाडूची नक्कल केली. हा तोच विनमार, ज्याने १९९३ मध्ये वर्णद्वेषी शेरेबाजी करणाऱ्या प्रेक्षकांसमोर जर्सी वर उचलून आपल्या कातडीकडे बोट दाखवलं होतं. त्या कार्यक्रमाच्या हास्यात किती जण सामील नव्हते हे तेव्हाच दिसायला हवं होतं. याला उत्तर म्हणून नाही, पण समांतर, ग्रँट हॅन्सन या आदिवासी संगीतकाराने ‘मार्नग्रूक फुटी शो’ आधी रेडिओवर आणि २००७ पासून टीव्हीवर चालवला. तिथे गप्पांइतकंच महत्त्व मंचावरच्या खऱ्या संगीताला होतं. दोन्ही कार्यक्रम २०१९ मध्ये संपले. मला आठवण येते ती दुसऱ्याची.

पॉप आणि रॉकमध्ये फुटी कशी येते हे बघायचं तर दोन टोकं ऐका. पॉल केलीचं ‘लीप्स अँड बाउंड्स’, ज्यात टेकडीवरून पलीकडे दिसणारं एमसीजी आहे, धान्याच्या कोठारावरचं तापमान दाखवणारं घड्याळ आहे, थंडी आहे, आणि सामना मात्र कुठेच नाही. मेलबर्नकर ऐकताच समजतात की फुटीचे दिवस आलेत. दुसरं टोक म्हणजे मुखवटे घालून गाणारा टिझम हा टवाळ बँड. १९७० च्या ग्रँड फायनलमध्ये, १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर, कार्लटनच्या ॲलेक्स जेसॉलेंकोने कॉलिंगवूडच्या ग्रॅम जेंकिनच्या पाठीवर चढून अफाट झेल घेतला. कॉमेंटेटर माइक विल्यमसन त्याच्या नावाने जे ओरडला ते आजही देशाला पाठ आहे. टिझमने गाणं केलं ते जेंकिनच्या पाठीवर. सगळे ज्याच्याकडे बघतात त्याच्या खाली कोण दबलंय हे बघणं, हा विनोद मला फार आवडतो.

आणि तो ओरडा, तोही एक प्रकारे गाणंच. नाव, मग दोन शब्द, वरच्या पट्टीत. २००५ च्या ग्रँड फायनलच्या शेवटच्या क्षणी सिडनीच्या लिओ बॅरीने झेल घेऊन सामना वाचवला तेव्हा स्टीफन क्वार्टरमेनच्या तोंडून त्याच घाटाची ओळ निघाली. ठरवून नसेल आली. पस्तीस वर्षं कानात बसलेली चाल ऐन वेळी बाहेर पडते.

या सगळ्याची परीक्षा २०२० मध्ये, कोविडच्या वर्षी झाली. मार्चमधला पहिला सामना रिकाम्या एमसीजीवर, कसलाही जोडलेला आवाज न घालता दाखवला. खेळाडूंच्या हाका, चेंडूवर पडलेल्या बुटाचा ठप्प आवाज, आणि सामना संपल्याच्या सायरननंतर क्लबचं गाणं रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत येत होतं. जूनमध्ये लीग परत सुरू झाली तेव्हा चॅनलांनी गर्दीचा मुद्रित आवाज घालायला सुरुवात केली: सततची कुजबुज, चुकलेल्या किकचा उसासा, गोलचा जल्लोष, प्रत्येकाला वेगळं बटण. यात फसगत एकाच ठिकाणी होते. खरी गर्दी चेंडू खांबांमधून जायच्या आधीच ओरडते, कारण मागे बसलेल्याला त्याची दिशा आधी कळते. बटण दाबणारा माणूस चेंडू गेल्यावर दाबतो. तो अर्धा सेकंद कानाला खुपतो आणि सगळं कचकड्याचं वाटू लागतं. त्या वर्षी फायनल पहिल्यांदाच व्हिक्टोरियाबाहेर, ब्रिस्बेनच्या गाबावर, रात्री झाली. ब्रेडीने ‘कॅझली’ गायलं ते मेलबर्नमध्ये, रिकाम्या एमसीजीवर उभं राहून.

आता तुमच्या मंडळाच्या गाण्याबद्दल.

गाणं मिनिटभराचंच करा. प्रायोजकांची नावं आत घालू नका, ती दरवर्षी बदलतात. चालू संघांची आणि खेळाडूंचीही नकोत. हाक शोधा, तुमच्या मैदानावर लोक आधीच काही ओरडत असतील, तेच ध्रुवपद. अजय-अतुलछाप ढोल-ताशा लावायचा मोह होईल, लावा, पण आधी दहा-बारा जणांना नुसत्या टाळीवर गायला लावून बघा. तिथे पडलं तर ढोल त्याला उभं करणार नाही. पट्टी बायका आणि पुरुष दोघांना झेपेल अशी, म्हणजे एका सप्तकाच्या आतबाहेर. शेवटाकडे एक जागा रिकामी ठेवा, रिचमंडसारखी, जिथे सगळे मिळून एक शब्द फेकतील. गायला व्यावसायिक आवाज घेऊ नका, तुमचेच खेळाडू उभे करा.

आणि ते कधी वाजणार हे आजच ठरवा. नाणेफेकीला, बक्षीस समारंभाला आणि जेवणाच्या रांगेलाही वाजवाल तर कशाचंच राहणार नाही. माझा सल्ला: फक्त जिंकलेल्या संघासाठी, शेवटचा चेंडू पडल्यावर लगेच.

चाल उसनी घ्यायची असेल तर कायद्याकडे बघा. कोहान १९४२ मध्ये वारला, बिझे तर त्याच्याही कितीतरी आधी. त्यांच्या चाली इथे मोकळ्या आहेत. हिंदी-मराठी सिनेमातली गेल्या पन्नास-साठ वर्षांतली चाल मोकळी नसते, नुसते शब्द बदलले तरी परवानगी लागते. आणि सार्वजनिक मैदानावर मुद्रित संगीत वाजवायला वनम्युझिक ऑस्ट्रेलियाचा परवाना लागतो. मैदान काउन्सिलचं असेल तर त्यांच्याकडे तो आधीच आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.